नुडसनचा १९७१ चा पेपर: फक्त ४८ मुलांच्या वयांवरून जीनमधला बिघाड कसा कळला? (भाच्याच्या रेटिनोब्लास्टोमाबद्दल विचारतेय)

सांगलीची_आत्या
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. माझ्या भावाच्या मुलाला, दोन वर्षांचा आहे, डाव्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, निघाला. दिवाळीत फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा, मांजराच्या डोळ्यासारखा चमकत होता, आम्ही म्हटलं मोबाईलचं काहीतरी असेल, पण वहिनीला चैन पडेना, तिने अंधाऱ्या खोलीत बसवून दहा-बारा फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत तोच डोळा. तीच घेऊन गेली डॉक्टरांकडे. डोळा काढावा लागला, पण पोरगं आता बरं आहे, घरभर पळतंय.
आता वहिनीला सातवा महिना लागलाय. समुपदेशनाला गेलो तर पाच मिनिटांत आटपलं, "टू हिट" असं काहीतरी म्हणाले आणि जेनेटिक टेस्टचा कागद हातात दिला. मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलंय, तेही वीस वर्षांपूर्वी, म्हणून घरातले सगळे मलाच विचारतायत. शोधत शोधत अल्फ्रेड नुडसनच्या पेपरपर्यंत पोचले, पण गणितापाशी गाडी अडली. माणसाने एकही जीन बघितला नाही, ४८ मुलांचे केसपेपर बघितले आणि म्हणाला दोन म्युटेशन, म्हणजे जीनमधले दोन बिघाड, लागतात. हे कसं काय? आणि दुसरं, आमच्याकडे दोन्ही बाजूंना कोणालाच हे नाहीये. म्हणजे आनुवंशिक नाही असं धरून चालायचं का?

पेशीवाला
ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते महत्त्वाचं आहे: नाही, असं धरून चालू नका. घराण्यात आधी कोणालाच नसणं हेच जास्त वेळा दिसतं, कारण म्युटेशन त्या मुलातच नव्याने झालेलं असू शकतं. दोन्ही डोळ्यांत गाठी असतील तर ते आनुवंशिकच मानतात. एकाच डोळ्यात असेल तर बहुतेक वेळा नसतं, पण साधारण १५ टक्के मुलांत तरीही जन्मापासूनचं म्युटेशन सापडतं. टेस्ट त्यासाठीच आहे.
आता पेपर. नुडसन मुळात लहान मुलांचा डॉक्टर, ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमध्ये होता. त्याच्याकडे होतं काय, तर प्रत्येक मुलाचं निदानाच्या वेळचं वय, गाठ एका डोळ्यात की दोन्ही, आणि घरात कोणाला होती का. त्याने आलेख काढला. आडव्या रेघेवर वय महिन्यांत, उभ्या रेघेवर त्या वयापर्यंत अजून निदान न झालेल्या मुलांचं प्रमाण, लॉग स्केलवर. दोन्ही डोळेवाल्या मुलांची रेघ सरळ खाली आली. सरळ रेघेचा अर्थ असा की उरलेल्यांपैकी दर महिन्याला तेवढाच हिस्सा गळतोय. समजा (आकडे माझे, समजायला) १०० मुलं, दर महिन्याला उरलेल्यांतली १० टक्के: ९०, मग ८१, मग ७३. असं कधी होतं, तर फक्त एकच अवचित घटना (म्हणजे एक म्युटेशन, तीच ती "हिट") घडायची बाकी असते तेव्हा. एका डोळ्यावाल्यांची रेघ मात्र आधी जवळपास आडवी गेली आणि मग वळून खाली आली. सुरुवातीला काहीच नाही, कारण पहिली घटना घडून गेल्याशिवाय दुसरीचा उपयोगच नाही.
मी पोरांना शिकवताना गावाचं उदाहरण देतो. प्रत्येक घराच्या दाराला दोन कड्या, वरची आणि खालची. वाऱ्याने कधीमधी एखादी कडी निसटते. एक निसटली तरी दार बंदच राहतं. एका गावात सगळ्या घरांच्या दोन्ही कड्या शाबूत आहेत, तिथे दार सताड उघडायला त्याच एका घराच्या दोन्ही कड्या निसटायला हव्यात, म्हणजे क्वचित आणि उशिरा. दुसऱ्या गावात पहिल्या दिवसापासून प्रत्येक घराची वरची कडी निघालेलीच आहे. तिथे वाऱ्याला एकेकच कडी काढायची आहे, त्यामुळे दारं लवकर उघडतात आणि एकाहून जास्त उघडतात. गाव म्हणजे डोळ्याचा पडदा, घर म्हणजे पेशी, दोन कड्या म्हणजे जीनच्या दोन प्रती आणि दार उघडणं म्हणजे गाठ. आनुवंशिक मुलांचं निदान साधारण वर्षाच्या आसपास आणि बाकीच्यांचं दोन वर्षांच्या आसपास होतं ते यामुळेच.
आणि मला त्या पेपरातली सगळ्यात सुंदर वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. त्याने हिशोब केला की जन्मापासून म्युटेशन असलेल्या मुलाला सरासरी ३ गाठी होतात. सरासरी ३ असेल तर नशिबाने एकही न होण्याची शक्यता पॉइसनच्या सूत्राने (अवचित घटना किती वेळा घडतील ते सांगणारं सूत्र) निघते सुमारे ५ टक्के. म्हणजे म्युटेशन अंगात असून डोळे ठणठणीत असलेली माणसं असायलाच हवीत! आजोबांना झाला, बापाला नाही, नातवाला झाला, असं काही घरांत दिसायचं त्याचा उलगडा या एका आकड्यात होता.

प्रथमेश_एमएस्सी
भारी समजावलंत सर. म्हणजे थोडक्यात सगळ्याच कॅन्सरना दोन हिट लागतात, बरोबर ना? सेमिनारमध्ये असंच लिहितोय.

पेशीवाला
नको लिहूस तसं, परीक्षक धरतील. दोन हिट लागतात ते कडीसारख्या जीनना, म्हणजे जे पेशीला अडवून धरतात, ट्यूमर सप्रेसर. रॅससारखे जीन धक्का मारणारे असतात, त्यांची एकच प्रत बिघडली तरी धक्का सुरू होतो. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत रॅसमध्ये एकच अक्षर बदललेलं सापडलं, बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन. पण त्या एकाने आख्खा कॅन्सर होतो असंही नाही. आतड्याच्या कॅन्सरवर बर्ट फोगेलस्टाइनच्या गटाने जे काम केलं त्यात एपीसी या अडवणाऱ्या जीनच्या दोन्ही प्रती जातात, के-रॅस या धक्का मारणाऱ्याची एक बिघडते, पुढे पी-५३ हा आणखी एक अडवणारा जातो, असे बरेच टप्पे आहेत.
आणखी एक लक्षात ठेव. दोन्ही हिट एकाच जीनच्या दोन प्रतींवर बसतात हे नुडसनने १९७१ मध्ये तितकं स्पष्ट लिहिलं नव्हतं, ते १९७३ मध्ये कमिंग्जने मांडलं. पुरावा आला १९८३ मध्ये, कॅव्हेनी आणि मंडळींनी त्याच मुलांचं रक्त आणि गाठ शेजारी ठेवून १३ वा क्रोमोसोम तपासला, रक्तात दोन प्रतींच्या दोन वेगवेगळ्या खुणा आणि गाठीत एकच उरलेली, म्हणजे चांगली प्रत गेलेली. १९८६ मध्ये ड्रायजा आणि वाइनबर्ग यांच्या गटांनी मिळून खुद्द जीनच हातात आणला, आरबी-१. म्हणजे कागदावर आखलेल्या रेघेनंतर पंधरा वर्षं लागली. ते बघायला नुडसन होता, २०१६ मध्ये ९३ व्या वर्षी गेला.

अन्वीची_आई
सांगलीच्या ताई, गणित मला कळत नाही पण या रस्त्याने मी गेलेय म्हणून लिहितेय. माझ्या मुलीला अकराव्या महिन्यात दोन्ही डोळ्यांत निघाला, आता ती चौथीत आहे, एका डोळ्याने वाचते आणि वर्गात पहिल्या बाकावर बसते. आमचं एका ठिकाणी चुकलं ते तुमचं चुकू नये. काढलेल्या डोळ्यातली गाठ पॅथॉलॉजीत मेणाच्या ब्लॉकमध्ये ठेवलेली असते, तो ब्लॉक सांभाळून ठेवायला सांगा आणि कुठे आहे ते लिहून घ्या. एकाच डोळ्याचं असेल तर आधी गाठीत दोन्ही म्युटेशन शोधतात आणि मग त्यातलं एखादं रक्तात आहे का बघतात, त्याने उत्तर जास्त पक्कं येतं. आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही, ब्लॉक नंतर मिळेना. आमचं दोन्ही डोळ्यांचं असल्याने रक्तावर निभावलं, पण तुमच्याकडे एका डोळ्याचं आहे म्हणून जीव तोडून सांगतेय.
दुसरं म्हणजे येणारं बाळ. रिपोर्ट येवो न येवो, जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवायचं हे आत्ताच ठरवून टाका, अपॉइंटमेंटसुद्धा घेऊन ठेवा, बाळंतपणाच्या गडबडीत राहून जातं. माझ्या धाकट्याला पाचव्या दिवशी नेलं होतं. बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासतात, बाळ रडतं आणि आपणही रडतो, पण त्याचे डोळे स्वच्छ आहेत हे ऐकून मी त्या रात्री कितीतरी महिन्यांनी झोपले.

पेशीवाला
अन्वीच्या आईंचं शब्दन् शब्द खरं आहे. एक भर घालतो. समजा भाच्याच्या रक्तात म्युटेशन सापडलं आणि आईवडिलांच्या रक्तात नाही, तरी पुढच्या बाळाची तपासणी सोडायची नसते, कारण आई किंवा वडिलांच्या काहीच पेशींत, अगदी फक्त बीजपेशींतसुद्धा, ते लपलेलं असू शकतं, रक्तात दिसत नाही. आणि भाच्याच्या रक्तात खरंच निघालं तर त्याला पुढे मोठेपणी हाडांच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे त्याच्या फाईलवर ठळक लिहून ठेवा. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने तो धोका वाढतो, म्हणून हल्ली शक्यतो ते टाळतात. हे घाबरवायला सांगत नाहीये, उद्या पाय दुखतो म्हणाला तर डॉक्टरांना आधीचं माहिती असलं पाहिजे एवढ्यासाठी.

सांगलीची_आत्या
कोणाकोणाचे आभार मानू. दोन कड्यांचं उदाहरण मी रात्री जेवताना भावाला आणि वहिनीला सांगितलं, भाऊ महिनाभर मनात धरून बसला होता की आपल्याकडून, आपल्या घराण्यातून काहीतरी आलं, तो पहिल्यांदाच मोकळा बोलला. वहिनी म्हणाली, म्हणजे वाऱ्याचं काम, कोणाचा दोष नाही ना. मी म्हटलं नाही.
ब्लॉक पॅथॉलॉजीतच आहे, फोन करून खात्री केली, नंबर वहीत लिहून घेतलाय. सोमवारी भाऊ पत्र घेऊन आणायला जातोय. आणि बाळाच्या तपासणीसाठी कोणत्या दिवशी नाव नोंदवायचं ते वहिनीने आजच विचारून घेतलं.