पुन्हा काढलेला ऑप्टिमस प्राइम: दुप्पट भावाने घ्यावा का?

सुटा_स्क्रू:
ट्रान्सफॉर्मर्सच्या १९८४च्या ऑप्टिमस प्राइमची, म्हणजे ट्रकचा रोबो होणाऱ्या खेळण्याची, पुन्हा काढलेली खेप दुकानांतून संपली आहे. पुनर्विक्रीवाले छापील किमतीच्या दुप्पट मागतायत, वर आणखी चढेल म्हणतात. आत्ता घ्यावा की थांबावं? आणि अस्सल, नंतरची खेप, नक्कल यातला फरक कसा ओळखायचा?

खोकेबहाद्दर:
थांबा. कंपनीने एकदा पुन्हा काढलं म्हणजे आणखी एकदा काढायला तिला कोण अडवतंय? लेगोचा ताजमहाल बघा. २००८चा संच क्रमांक १०१८९, ५,९२२ तुकडे. बंद झाल्यावर भाव कुठच्या कुठे गेला. २०१७ला कंपनीने तोच १०२५६ म्हणून आणला, ५,९२३ तुकडे. जुने सीलबंद खोके धरून बसलेले बसलेच.

शिवाय मागितलेला भाव म्हणजे भाव नव्हे. विकल्या गेलेल्या नगांचे गेल्या तीन महिन्यांचे आकडे काढा, सगळ्यात वरचा-खालचा सोडा, टपालखर्च धरून मधला घ्या. तो छापील किमतीच्या सव्वापटीत असेल तर घ्या.

कॅलिपर:
ओळखीबद्दल. आधी अंगावर कोरलेला शिक्का वाचा. टाकारा आणि टोमी या जपानी खेळणी कंपन्या २००६ साली एक झाल्या, त्यामुळे 'टाकारा टोमी' असेल तर तो १९८४चा नाही, विषय संपला. नुसत्या सालावर जाऊ नका, जुनं साल नव्या मालावरही राहतं. २००२च्या अमेरिकी आवृत्तीत सुरक्षेसाठी धुरांडी आखूड केली होती. पण लांब धुरांडी म्हणजे अस्सल, असं उलटं धरू नका. बोटाच्या उबेने चिन्ह उमटणारा चौकोनी स्टिकर १९८५पासूनचा, पहिल्या मालावर तो नसणारच.

नक्कल बहुतेकदा तयार खेळण्यावरून साचा उतरवून करतात. एबीएस प्लास्टिक थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं, म्हणजे नक्कल १०० मिलिमीटरला अर्धा मिलिमीटर लहान निघते. शेजारी ठेवून डोळ्यांना कळत नाही, कॅलिपरला (बारीक मापं घ्यायच्या साधनाला) कळतं. सांधे सैल किंवा नको इतके घट्ट, आणि कोरलेली अक्षरं बोथट, हेही त्यातूनच येतं. सीलबंद खोक्यात यातलं काहीच तपासता येत नाही, म्हणून सीलसाठी जादा पैसे मोजू नका.

पिवळं_प्लास्टिक:
एका बाबतीत मात्र जुन्यापेक्षा नवी खेप बरी. सोनेरी चमक मिसळलेलं जुनं प्लास्टिक आतूनच ठिसूळ होतं. न हाताळताही पिनेपाशी तडा जातो आणि रूप बदलताना तुकडा हातात येतो. त्यावर इलाज नाही. तसा भाग असलेलं जुनं खेळणं कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका; पुढच्या खेपेत प्लास्टिक बदललंय का ते विचारा आणि बदललं असेल तर तीच घ्या.

क्रोमचे भाग स्पिरिटने पुसू नका, मुलामा निघतो. कोमट पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण, मऊ ब्रश; स्टिकर भिजू द्यायचे नाहीत.

सुटा_स्क्रू:
विकलेल्या नगांचा मधला भाव दीडपट निघाला. सव्वापटीवर येईपर्यंत थांबतो. उघडलेला, शिक्क्याच्या फोटोसकटचा चालेल.