मदत हवी आहे: रेझिनचा पुढचा थर नक्की कधी ओतायचा?

नमस्कार मंडळी,

वाळवलेली फुलं घालून इपॉक्सी रेझिनचा (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं प्लास्टिक) ठोकळा करतेय. सिलिकॉनचा साचा 10 बाय 10 सेमीचा. तळाला निळा थर, वर पारदर्शक, त्यात फुलं, मग पुन्हा पारदर्शक. रेझिन पातळ थरांचं आहे, म्हणून दर वेळी 5 मिमीच ओतते.

दोनदा फसलं. पहिल्यांदा निळा थर ओतून दोन दिवस थांबले. तो इतका कडक झाला की नखही उमटेना. वर पारदर्शक ओतला, पण ठोकळ्याच्या कडा घासताना दोन्ही थर मधूनच सुटे झाले. दुसऱ्यांदा कपात उरलेल्या रेझिनवर लक्ष ठेवलं. ते तासाभरात घट्ट झालं, कपही चांगलाच गरम लागत होता. साच्यातलंही झालं असेल असं समजून ओतलं, तर निळा रंग धुरासारखा वर चढला.

फुलं भेट मिळालेल्या गुच्छातली आहेत आणि आता सातच उरलीत. वाया घालवायची नाहीत. योग्य वेळ ओळखायची कशी?

प्रतिसाद १

कपाने तुम्हाला फसवलं. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं. कपात ते एकाच जागी साठलेलं असतं, उष्णता आतच कोंडते आणि काम झपाट्याने उरकतं. साच्यात पसरलेला 5 मिमीचा थर थंड राहतो, त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून त्याच मिश्रणाचा तेवढ्याच जाडीचा नमुना एखाद्या झाकणात ओतून साच्याशेजारी ठेवा आणि हात लावायचा तो त्याला. हातमोजा घातलेलं बोट टेकवल्यावर ठसा उमटला, चिकट लागलं, पण बोटाला काही आलं नाही, की ओता. या अवस्थेत दोन्ही थर रासायनिकरीत्या जुळतात. तास मोजून उपयोग नाही, खोली थंड असेल तर हीच वेळ बरीच पुढे जाते.

ती वेळ हुकलीच तर पूर्ण कडक होऊ द्या. पृष्ठभाग मेणचट लागला तर आधी कोमट पाण्याने पुसून वाळवा. मग 220 नंबरच्या सँडपेपरने सगळीकडून चकाकी जाईपर्यंत घासा, धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ओरखड्यांत नवा थर धरून राहतो. तुमचा पहिला ठोकळा न घासल्यामुळेच सुटला असणार. घासताना मास्क लावा, ती धूळ श्वासात जाऊ देऊ नका.

प्रतिसाद २

फुलांसाठी एक. ती तरंगतात. आधी 2 मिमीच ओता, फुलं त्यात टेकवा, ते चिकट अवस्थेला आलं की उरलेलं ओता. आणि फुलं कुरकुरीत वाळलेली हवीत, आत ओल राहिली तर काही दिवसांत तपकिरी पडतात.

धागाकर्ती

झाकणाची युक्ती सुचलीच नव्हती! आज फुलांशिवाय दोनच थर ओतून बघते. नमुन्याला दर अर्ध्या तासाने बोट लावून वेळ लिहून ठेवेन. इथेच कळवते.