मदत हवी आहे : यूव्ही रेझिनमध्ये काळा रंग मिसळल्यावर आतला भाग ओला राहतो

नमस्कार. मी घरी यूव्ही रेझिनची (अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकची) कानातली आणि मणी बनवते. पारदर्शक रेझिन ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्याखाली दोन-तीन मिनिटांत काचेसारखे कडक होते. मात्र त्यात काळा रंग मिसळला की वरचा पापुद्रा तेवढा घट्ट होतो आणि साच्यातून काढताना खालचा भाग काकवीसारखा ओघळतो. काळ्या रंगातील कार्बन अतिनील किरण स्वतःच शोषून घेतो, त्यामुळे ते खोलवर पोहोचत नाहीत, हे कारण मला समजले आहे. म्हणून मी रंग वजनाच्या १ टक्क्याच्या आत ठेवते, एकेक मिलिमीटरचे थर देते आणि साचा पारदर्शक सिलिकॉनचा असल्याने तो उलटा करून खालूनही प्रकाश देते. अभ्रकाच्या भुकटीच्या रंगांना एवढे पुरते, आणि ते दिसतातही फार सुंदर.

काळ्या मण्यात मात्र थरांच्या रेषा कडेने स्पष्ट दिसतात, घासूनही जात नाहीत. थर आणखी पातळ करावेत, की आतला गाभा पारदर्शक ठेवून केवळ बाहेरचे आवरण काळे करावे? तसेच हाच रंग थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनमध्ये घातल्यास ०.०५ मिलिमीटरच्या थरासाठी प्रकाशाचा वेळ साधारण किती वाढवावा, आणि छपाई तासन्‌तास चालू असताना रंग तळाशी बसू नये म्हणून काय करावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया आपली प्रमाणे सांगावीत.