नो पार्किंगचे दोन हजार? आधी जागा दाखवा

कोरडवाहू
परवा गुरुजींनी लिहिलं, "जयस्तंभ चौक ते बसस्टँड नो पार्किंगचा दंड पाचशेचा दोन हजार करा, तेव्हाच खेड्यावरच्या लोकांना शिस्त लागेल." दोन दिवस गप राहिलो. आता बोलतो.

दोन हजार म्हणजे किती, तर 2025-26चा क्विंटलमागं 5328 हमीभाव धरला तरी साडेसदतीस किलो सोयाबीन. अन् हमीभाव भेटते कोणाले?

पेरणीच्या टायमाले डीएपीचं पोतं घ्याले आलतो. पन्नास किलोचं. गाडी दुकानासमोर लावली, बिल होईपर्यंत दहा मिनिटं. संध्याकाळी वावरात मोबाईलवर मेसेज, चालान पाचशेचं. आता गुरुजींनीच सांगावं, गाडी शाळेच्या मैदानात लावून पोतं डोक्यावर न्यायचं होतं का? अख्ख्या गावात गाडी लावायची एक जागा नाई. शनिवारच्या बाजाराले चाळीस खेड्यांतला माणूस येते, त्याच्याच भरवशावर इथली दुकानं चालते, अन् शिस्त मात्र त्यालेच लावायची.

निवृत्त_गुरुजी
'खेड्यावरच्या' हा शब्द चुकला, मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शेजाऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. 108 ची गाडी चौकात वीस मिनिटं अडकून होती, कारण दोन्ही बाजूंनी मोटरसायकली आणि मधोमध कोणाचा तरी मालाचा ऑटो. शेवटी त्यांना आम्ही खुर्चीवर बसवून तिथपर्यंत नेलं. वाचले, म्हणून मी शांतपणे लिहितो आहे. तुमची दहा मिनिटं मला समजतात हो, पण त्या रस्त्यावर प्रत्येकाची दहाच मिनिटं असतात.

धुऱ्यावरचा_वकील
दोघंही हवेत भांडता आहात. नो पार्किंगचा दंड मोटार वाहन कायद्यातला, कलम 177. पूर्वी शंभर आणि तीनशे होता. 2019च्या दुरुस्तीनं पहिल्या वेळी पाचशेपर्यंत आणि पुढच्या वेळी दीड हजारापर्यंत झाला. आपल्याकडे लागू झाला डिसेंबर 2021 मध्ये. ही वरची हद्द आहे. नगरपरिषदेनं ठराव घेतला म्हणून त्याचे दोन हजार होत नाहीत. नगरपरिषदेला जागा आखून पार्किंगचं शुल्क घेता येतं, पण त्यासाठी जागा लागते.

निवृत्त_गुरुजी
म्हणजे दुसऱ्यांदा सापडला तर दीड हजार आजच आहेत? मग माझी मागणी पाऊण तरी पूर्ण झालेली दिसते. आभारी आहे. फक्त वसूल कधी होणार तेवढं सांगा.

पायदळ
तुमचं गाडीवाल्यांचं आटोपलं असेल तर मी बोलू का? माझ्याजवळ गाडी नाही. मुलीला शाळेत सोडायला रोज त्याच रस्त्यानं जाते. दुकानाची पायरी, पायरीपुढं फळी, फळीपुढं साड्या नेसवलेले पुतळे, पुतळ्यांपुढं गाडी. मी चालू कुठून? दंड करायचाच तर आधी पायऱ्यांपासून करा.

शटर_अर्धं_खाली
ताई, पायरी नालीवर आहे, अन् नालीवरचा ढापा आम्ही स्वतःच्या पैशानं टाकला. नगरपरिषदेनं नाही. टॅक्स आम्ही भरायचा, अतिक्रमणही आमचंच. दंड वाढवला तर गिऱ्हाईक सरळ अमरावतीला जाईल, नाहीतर मोबाईलवर मागवेल. मग करा मोकळ्या रस्त्याचं काय ते. आणि गाड्या तर निघून तरी जातात. जयस्तंभापाशी दिवसभर जनावरं बसून राहतात, त्यांना कोण दंड करते?

तर्री_पोहे
त्याईले पण ई-चालान पाठवा ना बाप्पा. कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर आहेच. अन् शेठ, तुमच्या दुकानापुढं सकाळी नऊ ते रात्री नऊ ज्या तीन गाड्या उभ्या राह्यते, त्या कोणत्या खेड्यावरून येते हो?

कोरडवाहू
जनावरं मोकाट काहून सुटते ते विचारा आधी. 2015ले गोवंश हत्याबंदी आली. म्हातारा बैल बाजारात नेला तर गिऱ्हाईक नाई. कडबा विकत घेऊन त्याले दहा वर्षं पोसायचं कोणी, मी? मी पोसतो. माझ्या गोठ्यात आहे एक, कामाचा नाई तरी आहे. समदेच नाई पोसू शकत.

शटर_अर्धं_खाली
झालं! पार्किंगवरून थेट कायद्यावर घसरले. राजकारण इथं आणू नका.

कोरडवाहू
जनावराची गोष्ट तुम्हीच काढली ना भाऊ? तुम्ही काढली तर समस्या अन् मी बोललो तर राजकारण. वा!

निवृत्त_गुरुजी
यावर उपाय होता आणि तो याच गावात होता. कोंडवाडा. कायदा 1871चा, इंग्रजांचा. आमची कपिला एकदा कोणाच्या तरी तुरीत शिरली. त्यानं तिला कोंडवाड्यात नेऊन घातलं. वडिलांनी दंड भरला, वर चाऱ्याचे पैसेही भरले, आणि घरी येऊन गाईला नाही, मला मारलं. चारायला मी होतो. त्यानंतर आमचं जनावर कधी रस्त्यावर दिसलं नाही. दंडानं शिस्त लागते ती अशी.

तर्री_पोहे
गुरुजी, दंड गाईले, मार तुमाले. आताही तसंच होऊन राह्यलं.

धुऱ्यावरचा_वकील
कोंडवाडा जुन्या दवाखान्याच्या मागे होता ना?

निवृत्त_गुरुजी
मागे नाही, समोर. निंबाच्या झाडापाशी.

पायदळ
मागेच होता. माझं माहेर तिथलं आहे. निंबाचं झाडही मागेच होतं, समोर चिंच होती.

निवृत्त_गुरुजी
बरं. मागे. चिंच मात्र दोन होत्या.

कोरडवाहू
थांबा थांबा. जुन्या दवाखान्याच्या मागं तर आता गाळे आहेत. म्हणजे शे-दीडशे मोटरसायकली मावतीन एवढी नगरपरिषदेची जागा बाजारापासून दोन मिनिटांवर होती, तिथं शटरं लागली, अन् चालान माह्या मोबाईलवर?

तर्री_पोहे
त्यातले दोन गाळे कोणाचे, ते इथंच कोणीतरी सांगू शकते. अर्धं शटर वर करून.

शटर_अर्धं_खाली
एक. दोन नाही. रीतसर लिलावात घेतला, पावती आहे.

पायदळ
आणि गाड्या?

शटर_अर्धं_खाली
तीन. पण एक भावाची आहे.