सोलापुरात गावासाठी काय केलंत? फसलेलं असेल तर आधी ते सांगा

सात रस्ता
कोजागरी जवळ आली म्हणून हा धागा. आपलं तळं 12व्या शतकात सिद्धरामेश्वरांनी शिष्यांना घेऊन खोदलं, असं घरोघर सांगतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली जखमींवर उपचार करायला चीनला गेले. एवढं आपल्याच्यानं होत नाही. छोटं काय केलंत ते लिहा, हार-सत्कार वगळून.

माझ्यापासून सुरुवात. कोजागरीला मी बरीच वर्षं तुळजापूरला चालत गेलो. 45 किलोमीटरच्या आसपास अंतर. गुडघे बोलायला लागले तेव्हा ठरवलं, आता चालणाऱ्यांना चहा पाजायचा. शहर सुटता सुटता मांडव टाकला. अलीकडे-पलीकडे आणखी सहा मांडव! लोक घरून जेवून निघालेले, अंगात दम भरपूर. कोणी थांबेना. रात्री अकराला अर्धं पातेलं चहा उरला, तो आम्हीच प्यायलो आणि पहाटेपर्यंत टक्क जागे.

पुढच्या वर्षी मांडव तामलवाडीच्या पुढे नेला. पहाटे दोन ते पाच. तिथं चहा कोणी मागत नाही, आधी चप्पल काढून बसतात. बादलीभर पाणी, स्वच्छ फडकी, चिकटपट्टी, तेल. एवढंच लागतं. अनोळखी माणसाचे पाय हातात घ्यायला पहिल्यांदा जरा अवघड वाटलं, खोटं कशाला सांगू.

पूर्व भाग
आमच्या गल्लीत घरोघर विड्या वळतात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, त्यामुळे पोरं वाचनात मागं पडतात. म्हणून संध्याकाळी सहाला वर्ग सुरू केला. पहिल्या आठवड्यात बावीस पोरं, दुसऱ्यात सात. मला वाटलं, माझंच शिकवणं वाईट. मग एका पोरीनं सांगितलं, "सर, आज पाणी आलंय." आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं. चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस घागरीला जुंपलेलं. आता वर्गाचं वेळापत्रक पाण्याच्या पाळीवर चालतं. भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यात पाण्याच्या दिवसावर फुली.

दारात पानं कापत बसलेल्या आया ऐकत असायच्या. एक दिवस एकीनं कारखान्यातलं पुस्तक पुढं केलं. किती विड्या घेतल्या आणि किती छाटात (नापास म्हणून बाजूला) काढल्या, तेवढं तिला स्वतःला वाचता यायला हवं होतं. बाराखडीत तिला रस नव्हता. आकड्यांपासून सुरू केलं. आज नऊ जणी येतात. मी 'अ अननसाचा' घेऊन बसलो असतो तर एकही आली नसती.

जुळे सोलापूरकर
माझं छोटंसं. दर वाढदिवसाला, जानेवारीत, रक्तदान करायचो. एकदा रक्तपेढीतल्या ताईंनी हसत विचारलं, "मे महिन्यात जन्माला यायला काय झालं होतं?" जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या शिबिरांना एकदम पिशव्या येतात आणि लाल पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात. प्लेटलेट्स तर पाचच दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद, ऊन 43-44 वर, शिबिरं नाहीत, रुग्ण मात्र तेवढेच. आता मी मेमध्ये देतो. पुरुषांना तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बायकांना चार.

बाळीवेसची सून
गणेश विसर्जनाला तळ्यावर निर्माल्य गोळा करायला उभी होते. एक आजी पिशवी घेऊन थेट पाण्याकडं. मी हात जोडून प्रदूषणावर मोठं भाषण दिलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच पाण्यात पडते की काय! शेजारच्या पोरानं नुसतं "अज्जी, इल्लि कोडि" म्हटलं, पिशवी त्याच्या हातात. (सासूबाई हे ऐकून दोन दिवस हसत होत्या.) कानडी शिकतेय आता. बाकी, फुलांतून प्लास्टिकच्या माळा वेगळ्या काढण्यात रात्रीचे बारा वाजले, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

होटगी रोड
शेगावची पालखी आली तेव्हा केळी वाटली. तासाभरानं मागून वारकरी सालांवरून घसरताना पाहिले. पुढच्या वर्षी फक्त झाडू नेला.

अशोक चौक
लिहू की नको असं झालं होतं. डिसेंबरात आम्ही मित्रांनी वर्गणी काढून स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना चादरी वाटल्या. स्वस्तातल्या, कारण संख्या मोठी दिसायला हवी होती. फोटोही काढले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चादर उलटी करून बोटांनी काठ चाचपला. म्हणाले, "पोत हलकं आहे रे. पहिल्या धुण्यात जाईल." आयुष्यभर माग चालवलेला माणूस. चादरींच्या गावात, चादर विणणाऱ्यालाच आम्ही असलं वाण दिलं. रागावले नाहीत, घडी घालून उशाला ठेवली. फोटो मी डिलीट केला. दुसऱ्या वर्षी पंचवीसच घेतल्या, पण घेताना त्यांनाच सोबत नेलं. दुकानदाराशी त्यांनी जी घासाघीस केली, ती बघण्यासारखी होती.

पूर्व भाग
@अशोक चौक, काका अजून तिथंच असतात का? आमच्या गल्लीत दुपारी बसायला सावलीची जागा आहे, आणि मागाच्या गोष्टी ऐकायला पोरं आहेत. विचारून बघा.

अशोक चौक
विचारतो. पण आधी तुमचं पाण्याचं कॅलेंडर पाठवा.

सात रस्ता
कोजागरीला तामलवाडीच्या पुढे कोण येतंय? चहा-केळी काहीही आणू नका. जुन्या सुती साड्या आणा, धुतलेल्या. आणि कृपा करून ब्लेड-सुई आणू नका. फोड फोडायचा नसतो, धुऊन, कोरडा करून झाकायचा असतो. गेल्या वर्षी एका उत्साही भाच्याला आवरता आवरता माझी पुरेवाट झाली.