२३ एप्रिल : तारीख एक, दिवस दोन

काका : शुभ सकाळ मंडळी! आजचा दिनविशेष. शेक्सपियर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस यांचं १६१६ साली एकाच दिवशी निधन. म्हणून आज जागतिक पुस्तक दिन.

आत्या : अगंबाई, एकाच दिवशी दोघं!

दादा : काका, तारीख एक, पण दिवस एक नाही. स्पेनने ग्रेगोरियन कॅलेंडर, म्हणजे आज आपण वापरतो ते, १५८२ मध्येच घेतलं, इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनवर होतं. शेक्सपियर गेले तेव्हा स्पेनमध्ये ३ मे उजाडला होता. आणि सर्व्हांटिस गेले बहुधा २२ लाच, २३ ला दफन झालं.

काका : मधले दहा दिवस गेले कुठे?

दादा : ज्युलियन वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा साधारण ११ मिनिटांनी मोठं. ती मिनिटं शतकानुशतकं साचून दहा दिवसांचा फरक पडला, तो नव्या कॅलेंडरात एकदम वगळला. मग स्पेनमध्ये १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या गुरुवारी झोपलेले लोक उठले ते थेट १५ ऑक्टोबरच्या शुक्रवारी. वार तोच क्रमाने, तारीख तेवढी पुढे.

आत्या : म्हणजे पुस्तक दिन चुकीचा?

दादा : नाही आत्या. युनेस्कोने १९९५ मध्ये तारीख पाहून निवडली, ती ठीकच आहे. फक्त ‘एकाच दिवशी’ हे पुढे पाठवायला नको.

ताई : या तारखेचा खरा योगायोग मला दुसराच वाटतो. २३ एप्रिल १८५८. त्या दिवशी जर्मनीत कील इथे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांक जन्मले आणि इकडे पंडिता रमाबाई. तारीख, वर्ष, कॅलेंडर, सगळं एक! प्लांकना त्यांचे प्राध्यापक जॉली म्हणाले होते, भौतिकशास्त्रात आता शोधण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तरी ते त्याच विषयाला चिकटून राहिले आणि १९०० साली ऊर्जा पुड्यापुड्यांनी मिळते हे मांडलं. रमाबाईंच्या वेळी तर बाईने संस्कृत शिकणंच निषिद्ध. वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, आधी बायकोला शिकवलं, त्यावरून लोकांचा रोष ओढवून घेतला. मग ती आई पाखरं जागी व्हायच्या वेळी, झोपेने जड झालेल्या लेकीला गोंजारून उठवायची आणि श्लोक सांगायची. पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी देश तुडवत, पुराणं सांगत ही मुलगी कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिला ‘सरस्वती’ म्हटलं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. दिनविशेषात ‘समाजसुधारक, जन्म १८५८’ एवढंच येतं, मला ते फार कमी वाटतं.

आत्या : त्या पहाटेचं वाचून गलबलून आलं गं.

दादा : सत्यजित राय गेले तेही २३ एप्रिललाच, १९९२. ऑस्कर त्यांनी रुग्णालयात अंथरुणावरूनच स्वीकारलं होतं, काही आठवड्यांपूर्वी.

काका : सकाळचा मेसेज डिलीट केला. दुरुस्त करून टाकतो. ताई, रमाबाईंच्या आईचं नाव काय गं?

ताई : लक्ष्मीबाई.

काका : मग तेही लिहितो.