दुःखाने ‘परिपूर्ण’ केले? (इब्री २:१०)

कोरा_कागद: उपवासकाळात मंडळीत वाचायला एक चिंतन इंग्रजीतून मराठीत आणतेय. गाडी नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्र २:१० वर अडलीय. तारण घडवणाऱ्याला, म्हणजे येशूला, देवाने दुःखसहनाने ‘परिपूर्ण’ केलं, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. मसुदा आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “म्हणजे आधी अर्धवट होता का गं?” त्याच पत्रात ४:१५ ला तो निष्पाप आहे. मग दुःखाने त्याच्यात नेमकी कसली भर पडली? दुसरा शब्द सुचवा.

खडूफळा: यात अडण्यासारखं काय आहे? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

वसईचा_वारा: सर, घोटाळा तिथेच आहे. म्हणीत आधी दगड, मग देव. इथे देव आधीपासूनच आहे. ३२५ साली निकायाच्या धर्मसभेत एवढं रण माजलं ते पुत्र पित्याशी एकतत्त्व की निर्माण केलेला, यावरून. पुत्र निर्माण केलेला म्हणणारा तो एरियस. तुमची म्हण त्याने फ्रेम करून लावली असती.

तळटीप: मूळ ग्रीक क्रियापद ‘तेलेइओओ’. ‘तेलोस’ म्हणजे शेवट, उद्दिष्ट. पण गंमत पुढे आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, निर्गम २९ आणि लेवीय ८ मध्ये, मोशेचा भाऊ अहरोन आणि त्याच्या मुलांना याजकपदावर, म्हणजे पुरोहित म्हणून, बसवताना हेच क्रियापद वापरलंय. हिब्रूत तिथे शब्दशः ‘हात भरणे’ आहे. इब्रीचा लेखक जुना करार ग्रीकमधूनच देतो, आणि त्याचा सगळा खटाटोप येशू महायाजक कसा हे सांगण्याचा. म्हणजे प्रश्न चारित्र्याचा नाही, पदाचा आहे. २:१४ पासून सलग वाचा. मरणाला मरणानेच हरवायचं, तर मरू शकणारं रक्तमांस हवं. आणि १८ मध्ये, स्वतः परीक्षेत सोसल्यामुळे तो परीक्षेत सापडलेल्यांना साहाय्य करू ‘शकतो’. दुःखाने दिलं ते हे ‘शकणं’.

निगुतीने: हात भरणे म्हटलं की मला कासारच आठवतो. अहरोनाला हिरवा चुडा! असो, चालू द्या.

कोरा_कागद: मग ‘सिद्ध केले’ चालेल?

खडूफळा: चालेल काय, धावेल. स्वयंपाक सिद्ध, सैन्य सिद्ध, गुन्हा सिद्ध. तयार झाला आणि कसाला उतरला, दोन्ही एका शब्दात.

वसईचा_वारा: आणि सिद्धपुरुष? आमच्या म्हाताऱ्यांना वाटेल येशूने तप करून अष्टसिद्धी मिळवल्या.

खडूफळा: हे सोवळं मला कधी कळलं नाही. फादर स्टीफन्सनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हटलं, तेही ओवीत. रेव्हरंड टिळकांनी अभंग रचले. त्यांचं काही बिघडलं नाही.

तळटीप: दुसरी बाजूही आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते मुद्दाम साध्या भाषेत, कारण संस्कृताळलेलं मराठी त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायांच्या डोक्यावरून जायचं.

आजोळ_नगर: शब्दच बदलायचा तर आधी ‘तारण’ बदला. पुतणीला घेऊन पतसंस्थेत गेलो होतो. पाटी वाचून ती रांगेत मोठ्याने विचारते, “काका, सोन्याचं पण तारण होतं?” पण खरं सांगू, मला दोन्ही एकच वाटतात. गहाण ठेवलेला दागिना अडलेल्या माणसाला तारतो. ख्रिस्ताने स्वतःलाच तारण ठेवलं.

वसईचा_वारा: प्रवचनाला टाळ्या मिळतील, पण आम्ही कॅथलिक ‘मुक्तिदाता’ म्हणतो. तारण बँकेत.

आजोळ_नगर: आणि मुक्ती कुठून आणली? सलोकता, समीपता वगैरे चार प्रकारांतली कुठली तुमची?

तळटीप: इब्रीत ७:२२ ला येशूला कराराचा ‘जामीन’ म्हटलंय. थेट कचेरीतला शब्द, अरबी-फारसीतून आलेला. तो कुणालाच खुपत नाही, ‘सिद्ध’ खुपतो. कमाल आहे.

कोरा_कागद: मंडळी, २:१० राहिलं बाजूला. ‘दुःख सोसायला लावून तारणाच्या कामासाठी सिद्ध केले’, असं लांबवलं तर? आणि ५:८ लाही तीच अडचण. सोसलं त्यातून तो आज्ञापालन शिकला. शिकला, म्हणजे आधी आज्ञा मोडायचा?

तळटीप: तिथे ग्रीकात यमक आहे. ‘एमाथेन’, ‘एपाथेन’. शिकला, सोसलं. मोडत नव्हता, पण पाळायला काय पडतं ते मोजून दिल्याशिवाय कळत नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत ‘हा प्याला टळो’ म्हणून झाल्यावर ‘तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणणं, हा तो धडा. स्वर्गात बसून तो गिरवता आला नसता. ‘सोसून शिकला’ एवढंच लिहा. २:१० ला मात्र मी ‘परिपूर्ण’च ठेवीन आणि खाली टीप देईन.

निगुतीने: तुम्ही टीप देणारच, नावच तसं घेतलंय. पण चिंतन मोठ्याने वाचायचंय हो, टीप कोण वाचणार? सोसणे आणि सोस यांचं काही नातं आहे का? दागिन्यांचा सोस, नटण्याचा सोस.

खडूफळा: असणारच. सोस नवऱ्याने सोसायचा असतो.

निगुतीने: हे अपेक्षितच होतं.

वसईचा_वारा: कोरा_कागद, तुम्ही ‘वधस्तंभ’ लिहिताय की ‘क्रूस’? वधस्तंभ अगदीच कागदी. स्तंभ म्हणजे खांब, मग आडवं लाकूड कुठे गेलं?

खडूफळा: क्रूस पोर्तुगीज. मराठी शब्द हाताशी असताना उसना कशाला?

वसईचा_वारा: बरं. मग चावी, बटाटा आणि पाव परत करा. पगारसुद्धा.

तळटीप: ग्रीक ‘स्टाउरोस’चा जुना अर्थ उभा खांबच आहे.

आजोळ_नगर: झालं! आता यावर नवा धागा काढा कुणीतरी.